पाणकराचा अभिप्राय

एकसष्टाव्या पानावर ईश्वरदासने पुस्तक मिटलं. बोट पानातच ठेवलं.

समोर कुंदाबाई अंबाडीची पानं खुडत बसली होती. नवरा मोठ्याने वाचत होता आणि ती ऐकत होती. तो थांबला तशी तिने मान वर केली. पुढे वाचा ना, म्हणाली. बर्फाच्या गुहेचं दार अजून उघडायचं होतं.

ईश्वरदासने पुढे वाचलं नाही. मागचंच वाक्य पुन्हा वाचलं. गुहेच्या दाराच्या डाव्या दगडावर एक पंजा कोरलेला होता. त्याला चारच बोटं होती. करंगळी कधीतरी उडाली होती आणि तिच्या जागी पांढरा डाग राहिला होता.

"हा पंजा आपल्या तलावाचा हाये," तो म्हणाला.

कुंदाबाईने विचारलं, आपला तलाव चंद्रावर कधी गेला.

बोडीटोला हे गाव चिचगडच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की लागतं. मागे जंगल, पुढे तलाव. इकडे तलाव कोहळी समाजाचे लोक बांधत; हाही त्यांनीच बांधला. कोणत्या पिढीने ते आता कोणी सांगू शकत नाही, पण ईश्वरदासच्या घरातल्या कोणीतरी त्याच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, माती वाहिली आहे एवढं नक्की. पाळीच्या पोटातून पाणी बाहेर सोडायचं जे दगडी दार असतं, त्याला इकडे तुडूम म्हणतात. बोडीटोल्याच्या तुडमावर डाव्या हाताला पंजा आहे. चार बोटं आणि एक पांढरा डाग. पाळीवरून तो दिसत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की दगडी पायऱ्यांनी खाली जावं लागतं, दगडाला टेकून बसावं लागतं, मग दिसतो.

तिथे टेकून बसणारा माणूस एकच होता.

धनेंद्र शेजारच्या टोल्यातल्या पोवार घरचा. वय सव्वीस. नागपूरला मराठी घेऊन एम. ए. झाला आणि आता देवरीच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवतो. परीक्षेच्या तीन उन्हाळ्यांत तो तुडमाच्या सावलीत पुस्तकं घेऊन बसायचा. घरी मोटारपंपाचा आणि लहान भावंडांचा आवाज, इथे शांत. ईश्वरदास तुडमातला गाळ काढायला उतरायचा तेव्हा दोघांचं बोलणं व्हायचं. पोराने त्याला कादंबरी म्हणजे काय ते सांगितलं. त्याने पोराला 'दूर बस्ती' नावाची मालिका दाखवली.

हे पुस्तकही धनेंद्रनेच आणून दिलं होतं, चार दिवसांपूर्वी. नागपूरहून आणलं काका, म्हणाला होता. 'दूर बस्ती: नववा घुमट'. लेखकाचं नाव आर. विनायक. देताना त्याने पुस्तक दोन्ही हातांनी धरलं होतं. ईश्वरदासला ते तेव्हा जरा वेगळं वाटलं होतं. आता कळलं.

ईश्वरदास गावाचा पाणकर आहे. म्हणजे तलावाचं पाणी शेतांना वाटणारा. सव्वीस वर्षं झाली. गाव सभेत पाणकर निवडतं आणि हंगाम संपला की त्याला धान देतं. त्याच्याकडे एक फावडं असतं आणि मनगटावर घड्याळ. त्याच्या हुकमाशिवाय कोणी पाटाच्या मातीला हात लावत नाही.

गावात पाण्याचा नियम आहे. तुडूम उघडलं की पाणी आधी शेवटच्या बांधीला जातं. बांधी म्हणजे धानाचं शेत. पाट दीड किलोमीटर लांब आहे आणि त्यावर एक्केचाळीस बांध्या आहेत. सगळ्यांची तोंडं मातीने बंद केलेली असतात. पाणी चाळीस जणांच्या दारावरून जातं, कोणाकडे वळत नाही. टोकाच्या बांधीत शिरलं की तिथला माणूस ओरडतो, "पोचलं." तो शब्द पुढच्या बांधीवाला घेतो, मग त्याच्या पुढचा. असा तो पाण्याच्या उलट चढत तुडमापर्यंत येतो. मग पाणकर घड्याळ बघतो आणि टोकाची पाळी सुरू होते. तिथून एकेक बांधी वर. तुडमाला लागून ज्याची बांधी आहे त्याला सगळ्यांत शेवटी.

बाहेरगावचा माणूस विचारतो, असं उलटं का. ईश्वरदासचं उत्तर ठरलेलं आहे. तोंडच्याले पाणी डोळ्यासमोर दिसते, तो थांबू शकते. टोकाच्याले दिसतच नाही. ज्याले दिसत नाही त्याले आधी.

या नियमामुळेच तो 'दूर बस्ती' बघायला लागला. बारा वर्षांपूर्वी तो मुलीकडे, रीताकडे, देवरीला गेला होता. टीव्हीवर हिंदी मालिका लागली होती. पृथ्वी सोडून गेलेली माणसं एका लाल, कोरड्या चंद्रावर राहतात. एका ओळीत नऊ घुमट. वर डोंगरात बर्फाची गुहा, तिथलं पाणी नळाने खाली येतं. ते वाटणारी बाई वेदा. त्या भागात कप्तान तिला म्हणतो की पहिला घुमट मोठा आहे, दवाखाना तिथे आहे, पाणी आधी तिथे द्या. वेदा काहीच बोलत नाही. ती चालत जाते आणि नवव्या घुमटाचा नळ उघडते.

ईश्वरदास सोफ्यावरून उठून उभा राहिला. रीताला वाटलं बाबांना चक्कर आली. तो म्हणाला, "इले हे कोणी सांगितलं?"

तेव्हापासून त्याने तिन्ही पर्वं पाहिली. टीव्हीवर एकदा, मग मोबाइलवर तीनदा. रॉकेट आणि लढायांमध्ये त्याला फार रस नव्हता. तो पाणी बघायचा. नळ कुठे फुटला, टाकी किती भरली, वेदाने कोणाला नाही म्हटलं. मालिकेच्या चाहत्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, आठशेच्या वर माणसं, रायपूरपासून इंदूरपर्यंतची. रायपूरची टीना तो चालवते. रीताने वडिलांना त्यात घातलं. ईश्वरदास लिहीत नाही, बोलून पाठवतो, हिंदीत. एका भागात जमिनीखालचा नळ फुटतो आणि वर लगेच कारंजं उडतं. त्याने सांगितलं की असं होत नाही, आधी माती बसते, मग भेग पडते, मग पाणी वर येतं. ग्रुपवर दोन दिवस तेच चाललं. तिथे त्याला पाणकर काका म्हणतात. काका काय म्हणतात ते बघू, असं लोक लिहितात.

मालिकेत एक भोक राहिलं होतं. दुसरं पर्व संपतं तेव्हा नऊही घुमट उभे असतात. तिसरं सुरू होतं तेव्हा मधे अकरा वर्षं गेलेली असतात आणि नववा घुमट फुटून पडलेला असतो. वेदा एकटी राहते, कोणाशी बोलत नाही. काय झालं ते कोणीच सांगत नाही. ग्रुपवर त्यावरून भांडणं झाली होती, माणसं ग्रुप सोडून गेली होती. हे पुस्तक त्या अकरा वर्षांचं होतं.

म्हणून त्याने कुंदाबाईला बसवून वाचायला घेतलं. एकट्याने वाचण्यात मजा नव्हती.

पंजा सापडल्यावर वाचन बदललं. आता तो आर. विनायकचं पुस्तक वाचत नव्हता. पोराचं वाचत होता. बर्फ तडकायच्या आधी बारीक आवाज करतो असं लिहिलं होतं, ते त्याला आवडलं. नवव्या घुमटातली म्हातारी सुईण आवडली. तिच्या तोंडच्या दोन शिव्या तर कुंदाबाईच्या होत्या. कुंदाबाईला ते कळलं नाही. ती हसली आणि म्हणाली, बाई चांगली आहे.

एकशे चाळीसाव्या पानावर दुष्काळ पडला. बर्फ कमी झालं. आणि वेदाने पाणी आधी पहिल्या घुमटाला दिलं.

ईश्वरदासने पान उलटून मागे पाहिलं. काही सुटलं का ते बघितलं. सुटलं नव्हतं. वेदाने स्वतःच्या हाताने नवव्याचा नळ बंद केला होता. कप्तानाचं तिला पटलं होतं. पुढचं सगळं पुस्तक त्यातून निघत होतं. नववा घुमट अकरा दिवस कोरडा राहतो, तिथली माणसं हत्यारं उचलतात, लढाई होते, सुईण मरते, घुमट फुटतो. साठ पानं लढाई होती. त्याने ती एका सुरात वाचून काढली. सुईण मेली तेव्हा कुंदाबाईने पदर डोळ्याला लावला. मस्त हाये, म्हणाली.

"लिहिलं चांगलं हाये," ईश्वरदास म्हणाला. "पण वेदा असं करत नाही."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, धनेंद्र मोटारसायकलवर आला. चहा घेतला. धानाची चौकशी केली. धान लोंबीवर आलं होतं, पाऊस थांबून पंधरा दिवस झाले होते, रविवारी तुडूम उघडायचं ठरलं होतं. हे सगळं त्याला माहीत होतं. मग त्याने पुस्तकाचं विचारलं. ईश्वरदास म्हणाला वाचून झालं. कसं वाटलं ते तो सांगेना, आणि धनेंद्रला सरळ विचारता येईना.

शेवटी धनेंद्र म्हणाला की त्याचा नागपूरला एक मित्र आहे आणि हे पुस्तक त्याने लिहिलं आहे.

"विनायक?"

"ते खरं नाव नाही, काका. अशा पुस्तकावर प्रकाशक आपलंच एक नाव टाकते. लिहिणाऱ्यानं कोणाले सांगायचं नाही, असा करार असते."

"मग तुले कसं सांगितलं?"

"मित्र हाये ना."

"लगन झालं का त्याचं?"

"नाही."

"काय करते?"

"शिकवते. तासिकेवर."

"देवरीले?"

"नागपूरले," धनेंद्र म्हणाला. त्याने कप खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. कप रिकामा होता.

मग त्याने मुद्द्याचं सांगितलं. दुसरं पुस्तक व्हायचं होतं आणि त्यावर मित्राचं स्वतःचं नाव येणार होतं. पहिल्यांदाच. पण प्रकाशकाने अट घातली होती. ग्रुपमधल्या जुन्या लोकांची मतं आधी ऐकायची, मग ठरवायचं. मतं रविवारी यायची होती. टीनाने प्रकाशकाला कळवलं होतं की सुरुवात पाणकर काकांच्या मताने होईल, बाकीचे त्यांच्या मागून बोलतील. मित्राला काळजी लागली होती. त्याला झोप नव्हती.

"तू काय म्हणतो? मी काय सांगू?" ईश्वरदासने विचारलं.

धनेंद्र म्हणाला, जे वाटलं ते सांगा. मग उठता उठता म्हणाला, लोक तुमचं ऐकतात काका. एवढंच.

तो गेल्यावर ईश्वरदास बराच वेळ तिथेच बसला. पोराने खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सोपं झालं असतं, नाही म्हणता आलं असतं.

खरं सांगून माणूस जवळ ठेवणं त्याला आधी एकदा जमलं नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्येच पाऊस गेला. तलाव अर्धा होता. मोठा भाऊ टेकचंद, त्याची बांधी तुडमाला लागून. चार दिवस पाणी त्याच्या बांधीच्या तोंडावरून जात होतं आणि त्याच्या धानाची पानं वळत होती. पाचव्या दिवशी सकाळी ईश्वरदास पाटावर आला तेव्हा टेकचंद फावड्याने पाटाची कड कापत होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. टेकचंद बाजूला झाला. ईश्वरदासने कड बुजवली आणि पुढे गेला. संध्याकाळी सभेत तो उभा राहिला आणि भावाचं नाव घेतलं. पाट फोडणाऱ्याची एक पाळी बंद, असा नियम आहे. टेकचंदची पाळी बंद झाली. त्या वर्षी त्याचं निम्मं धान पोचट निघालं.

तेव्हापासून टेकचंद भावाशी एकच शब्द बोलतो. त्याची बांधी सगळ्यांत वर आहे, त्यामुळे टोकाहून चढत आलेला "पोचलं" तुडमापाशी उभ्या असलेल्या पाणकराला त्यानेच सांगायचा असतो. तो सांगतो. दर पाण्याला. बाकी काही नाही. दोघांच्या घरांची भिंत एक आहे.

शनिवारी जेवताना ईश्वरदासने बायकोला सगळं सांगितलं. मित्राचं आणि पंज्याचं. कुंदाबाईने सुईणीच्या शिव्या आठवल्या आणि म्हणाली, मेल्यानं माझ्याच घेतल्या. मग तिने विचारलं, काय सांगणार.

"खोटं सांगता येत नाही. आठशे लोकं ऐकतात."

"खोटं सांगा म्हणून कोण म्हणते?"

"खरं सांगितलं तर त्याचं पुस्तक जाते."

कुंदाबाईने त्याच्या ताटात भात वाढला. "टेकचंद भाऊजीचं नाव घेतलं ते बरोबरच होतं," ती म्हणाली. "पण सकाळी पाहिलं आणि सांजेले सभेत सांगितलं. मधात अख्खा दिवस होता. त्या दिवशी तुमी त्यायच्या घरी गेले होते का?"

ईश्वरदास जेवत राहिला.

"भिंत तर एकच हाये," ती म्हणाली.

रात्री त्याने धनेंद्रला फोन केला. सकाळी आठला तुडमावर ये, म्हणाला. मित्राचं काम आहे.

रविवारी धनेंद्र बूट घालून आला. पाळीवर दहा-पंधरा माणसं होती. ईश्वरदास छातीइतक्या पाण्यात उतरला, पाण्याखाली हात घालून लाकडाचा खुंटा हलवला, दोनदा, तीनदा. मग तो निघाला. पाळीच्या पलीकडे पाटात आधी हवा बाहेर पडल्यासारखा आवाज झाला. मग गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. धनेंद्र वाकून बघत होता. माणसं आपापल्या बांध्यांकडे गेली.

ईश्वरदास ओल्या कपड्यांनी वर आला आणि बिडी पेटवली.

"ग्रुपवर आज सांगतो," तो म्हणाला. "पण तुझ्या मित्राले आधी. म्हणून बोलावलं."

त्याने सांगितलं. बर्फाच्या आवाजाचं सांगितलं, सुईणीचं सांगितलं, कुंदाबाई रडली तेही. मग म्हणाला की एकशे चाळीसाव्या पानावर पुस्तक मोडतं. चौथ्या भागात जी बाई कप्तानासमोर नववा नळ उघडते ती दुष्काळात तो बंद करणार नाही. पाणी भरपूर असतं तेव्हा नियम मोडला तरी कोणाला कळत नाही. नियम असतो तो दुष्काळासाठीच. पाणी कमी पडलं तर ती पाळीचा वेळ कमी करेल, सगळ्यांचाच. पण सुरुवात नवव्यापासूनच. म्हणजे नववा कोरडा पडत नाही. म्हणजे तिथली माणसं हत्यार उचलत नाहीत. पुस्तकातली लढाई होतच नाही.

धनेंद्रने पाटातल्या पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पण काका, तिसऱ्या पर्वात नववा घुमट पडलेला हाये. ते तर मालिकेतच हाये. मित्र ते बदलवू शकत नाही. वेदानं बरोबर वाटलं, तर मग पडला कसा?"

ईश्वरदासने बिडीच्या हाताने खाली दाखवलं. पहिल्या बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, एक म्हातारा माणूस पाठमोरा बसला होता. पाट त्याच्या पायाजवळून वाहत होता.

"तो कोण बसला?"

"टेकचंद काका."

"त्याची पाळी पाचव्या दिवशी. आज कायले येऊन बसला?"

धनेंद्र पाळीच्या कडेला सरकून बघू लागला.

"टोकाचा माणूस लढत नाही, बाबू. त्याले पाणी दिसतच नाही, तो वाट पाहून राहते. त्याले सवय असते. फोडते तो तोंडचा. ज्याच्या समोरून चार दिवस पाणी जाते आणि धान सुकते, तो." बिडी विझली होती. त्याने ती पुन्हा पेटवली नाही. "वेदानं नवव्यालेच दिलं. बरोबर केलं. म्हणून पहिल्या घुमटवाल्यानं नळ फोडला. आणि तो फुटला म्हणून खाली नववा गेला."

"फोडणारा कोण असंल?" धनेंद्रने विचारलं.

ईश्वरदास धुऱ्यावरच्या पाठीकडे बघत होता.

"वेदाच्या घरचाच कोणी," तो म्हणाला. "नाही तर ती अकरा वर्षं गप्प कायले राहते?"

पाटाचं पाणी चालू होतं. धनेंद्र खाली बसला. त्याने पानंच्या पानं टिपणं काढून, मालिकेचे सगळे भाग पुन्हा पाहून, सात महिने ती कादंबरी लिहिली होती. तो विद्यापीठात दुसरा आला होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ऐकू आलेलं अजून आत पोचायचं असावं, असा तो बसला होता.

"तुझ्या मित्राले पंजा माहीत हाये," ईश्वरदास म्हणाला. "चार बोटं, डाग, सगळं बरोबर हाये. पण तो आला तेव्हा तुडूम कोरडं होतं. तीन उन्हाळे बसला, वाचलं आणि गेला. पाणी सुटताना तो इथं कधीच नव्हता. चूक तेवढीच हाये."

धनेंद्रचे कान लाल झाले. त्याने तुडमाकडे पाहिलं. पंजा पाण्याखाली होता. मग त्याने बुटांची नाडी सोडायला घेतली.

"पाठवा, काका," तो म्हणाला. "जसं सांगितलं तसंच पाठवा."

"पाणी पोचल्यावर. तू टोकाले जा. शेवटची बांधी शामकलाबाईची हाये, ती लेकीकडे गेली. तिथं ओरडायले आज कोणी नाही."

धनेंद्र बूट हातात घेऊन निघाला. पाटाच्या कडेने, पाण्याबरोबर. ईश्वरदास पाळीवरून बघत राहिला. पोरगं दोनदा घसरलं. पुढच्या वळणावर धानाच्या आड गेलं.

पाण्याला टोक गाठायला सव्वा तास लागतो. ईश्वरदासने तेवढ्यात कपडे उन्हात वाळवले आणि काय बोलायचं ते मनात जुळवलं. हिंदीत जुळवावं लागतं. खाली टेकचंद हलला नव्हता.

मग दुरून आवाज आला. पहिल्यांदा तो शब्द कळत नव्हता, नुसता माणसाचा आवाज. पोराला ओरडायची सवय नव्हती. त्याने पुन्हा ओरडून पाहिलं. पुढच्या कोणीतरी तो घेतला, आणि मग तो पाटाने वर येऊ लागला, एकेका बांधीवरून, बाईचा, बाप्याचा, पुन्हा बाईचा. शेवटी टेकचंद धुऱ्यावर उभा राहिला, मागे वळला.

"पोचलं," तो म्हणाला.

ईश्वरदासने घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. टेकचंद लगेच खाली बसला नाही. पाटाच्या टोकाकडे बघत म्हणाला, "आवाज कोणाचा होता?"

"धनेंद्रचा. पुस्तकं लिहिते तो."

टेकचंदने ते ऐकलं आणि बसला.

ईश्वरदासने मोबाइल काढला. तोंडाजवळ धरून साडेचार मिनिटं बोलला. आधी त्याने पुस्तकातलं जे चांगलं होतं ते सांगितलं, आणि ते घाईने उरकलं नाही. मग एकशे चाळीसावं पान सांगितलं. वेदा असं करत नाही, हे दोनदा सांगितलं. शेवटी म्हणाला की लिहिणाऱ्याला हात आहे, त्याने पाणी बघितलेलं नव्हतं, आता बघितलं आहे. दुसरं पुस्तक त्यालाच द्यावं की नाही ते प्रकाशकाने ठरवावं, तो आपला विषय नाही. नववा घुमट आपल्या मनात कसा फुटला, ते त्याने सांगितलं नाही. ते ज्याचं होतं त्याला दिलं होतं.

टीनाचं उत्तर लगेच आलं. काका, हे जड जाणार आहे. पण लावते, सगळ्यांत आधी.

धनेंद्र परत यायला अकरा वाजले. गुडघ्यापर्यंत चिखल, बूट अजून हातातच. पाटाच्या टोकाला मोबाइलला रेंज नसते. वर चढताना त्याचा फोन एकामागून एक वाजू लागला. प्रकाशकाचे चार कॉल येऊन गेले होते. तो पाळीच्या कडेला उभा राहून बोलला. फार वेळ नाही. मग ईश्वरदासजवळ आला.

"ते विचारत होते, हे काका बरोबर हायेत का. मी म्हटलं, हो."

"मग?"

"म्हणाले, मग आधी दुसऱ्या पुस्तकाची गोष्ट लिहून पाठव. पसंत पडली तर पुस्तक. नावाचं नंतर पाहू." त्याने बूट खाली ठेवले. "नाव नाहीच येणार बहुतेक."

ईश्वरदासने मान हलवली. असंच होणार हे त्याला माहीत होतं, आणि त्याला वाईट वाटलं. दोन्ही खरं होतं.

धनेंद्रने खिशातून कागद काढला. तो ओला झाला होता. त्याने तो उलटा केला, कोरडी बाजू शोधली, पेनचं टोपण दातांनी काढलं. मग धुऱ्यावरच्या म्हाताऱ्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"काका, माझ्या मि..." तो थांबला. "मले सांगा. फोडायच्या आधी चार दिवस तो काय करत होता? रोज येऊन बसत होता का?"

"सांगतो," ईश्वरदास म्हणाला. "आधी पाय धू."